‘अबे एकटा कायले गेला तिकडे!’ : जंगलातला हॉरर पिक्चर पाहताना आपल्याला नेमकं काय होतं

मागच्या महिन्यात एका शनिवारी आम्ही सहा जण धरमपेठेत एका मित्राच्या घरी पिक्चर पाहायला बसलो, त्याच्याकडं नवीन मोठा टीव्ही आलाय अन् स्पीकर असे की खालच्या मजल्यावरचे काका दोनदा वर येऊन गेले. पिक्चरचं नाव सांगत नाही कारण हा रिव्ह्यू नाही, आणि या जातीच्या पिक्चरचा साचा तुम्हाला माहीतच आहे. चार शहरी मित्र जंगलात ट्रेकला जातात, एकाला शॉर्टकट सुचतो, मोबाइलची रेंज जाते, एकाचा पाय मोडतो, अंधार पडतो, आणि मग हळूहळू कळतं की इथं आपल्याशिवाय अजून कोणीतरी आहे. बस.

पण खरी मजा पडद्यावर नव्हती, सोफ्यावर होती. एक मित्र दर पाच मिनिटांनी किंचाळत होता आणि वरून ‘लय भारी पिक्चर आहे’ म्हणत होता. दुसरा सगळ्यात भयानक सीनलाच खी खी करून हसत होता. वहिनी, म्हणजे ज्याच्या घरी बसलो होतो त्याची बायको, भुताखेताला अजिबात न भिणारी बाई, ती पाय मोडल्याच्या सीनला पांढरीफटक पडली आणि आत जाऊन आडवी झाली. एक जण इंटरव्हलच्या आधीच मोबाइलमध्ये घुसला. मी चिडलो होतो, खरंच चिडलो होतो, हिरोवर. आणि माझा मावसभाऊ, जो पेंचच्या जंगलात सिल्लारी गेटवर सफारीची जिप्सी चालवतो आणि त्या दिवशी गाडीचे पार्ट घ्यायला नागपूरला आला होता, तो पूर्ण दोन तास शांतपणे चिवडा खात बसला आणि शेवटी म्हणाला, ‘याच्यात भेव कुठं होतं बाप्पा?’

एकच पिक्चर, एकच सोफा, आणि सहा जणांचे सहा नमुने. मग रात्री दीडपर्यंत नुसतं भांडण, पिक्चर चांगला की भंगार. मला त्यानंतर हा किडा लागला, म्हणून इकडून तिकडून वाचलं, आणि जे कळलं ते जमेल तसं सोप्यात सांगतो.

सगळ्यात आधी हे की भीतीची मजा घ्यायची असेल तर भीतीपासून एक बेताचं अंतर लागतं. खूप जवळ गेली तर मजा संपते आणि त्रास सुरू होतो, खूप लांब राहिली तर हसू येतं नाहीतर झोप येते. आमच्या सोफ्यावरचे सहाही जण आपापल्या परीनं हे अंतरच ॲडजस्ट करत होते, कोणी ओरडून, कोणी हसून, कोणी मोबाइल काढून. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकीचं उलगडत जातं.

नागपूरवाल्याला हे समजवायला सावजी पुरेसं आहे. मिरचीत जो तिखटपणा असतो तो खरं तर चव नाहीच, तो जिभेवरच्या त्याच यंत्रणेला हात घालतो जी गरम वस्तूचा चटका ओळखते, त्यामुळं मेंदूला सिग्नल जातो की तोंड भाजतंय. डोळ्यातून पाणी, नाकातून पाणी, कपाळावर घाम, शरीर पूर्ण इमर्जन्सीत. आणि तरी आपण म्हणतो, भाऊ अजून थोडा रस्सा टाका. का? कारण डोक्याचा दुसरा भाग जाणून असतो की काही भाजत नाहीये. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं याच गोष्टीवर काम केलंय, तिखट खाणं, रडवणारे पिक्चर पाहणं, उंच पाळण्यात बसणं हे सगळं त्यानं एकाच टोपलीत टाकलं. त्याचं म्हणणं सोपं आहे: शरीर फसतंय आणि आपण फसत नाही आहोत, हे एकाच वेळी जाणवण्यात सुख आहे.

आणि तिखटाला जसं प्रमाण असतं तसं भीतीलाही. डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठात भीतीच्या मजेवर काम करणारी एक अख्खी लॅब आहे, त्या लोकांनी एका भुताच्या घरात, म्हणजे आपल्या जत्रेत असतं तसंच पण बरंच हायफाय, शंभरावर लोकांना छातीचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. २०२० मध्ये त्याचे निकाल छापून आले. ज्यांचे ठोके फार हलले नाहीत त्यांना मजा कमी, ज्यांचे फारच उसळले त्यांनाही कमी, आणि मधले जे होते ते सगळ्यात खूश. म्हणजे फिका रस्साही नको आणि घशाखाली उतरणार नाही असाही नको. फक्त प्रत्येकाचं ‘मधलं’ वेगळ्या ठिकाणी असतं, आणि पिक्चर मात्र सगळ्यांना एकच वाढतो. भांडणं तिथूनच सुरू होतात.

आता किंचाळणाऱ्या मित्राकडं येतो, कारण त्याची त्या दिवशी फार उडवली गेली. अचानक मोठा आवाज होतो, झुडपातून काहीतरी बाहेर येतं आणि माणूस उडतो, ही प्रतिक्रिया भित्रेपणाची नसतीच. ती मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागातून येते, विचार करणाऱ्या भागाला पत्ता लागायच्या आत डोळे मिटलेले असतात, खांदे वर गेलेले असतात. सापासारखी दोरी दिसली की पाय आधी मागे येतो आणि ‘अरे दोरी आहे’ नंतर कळतं, तसंच. जोसेफ लेडू या शास्त्रज्ञानं हे दोन रस्त्यांसारखं समजावलंय: एक कच्चा पण जवळचा रस्ता, अमिग्डाला या मेंदूतल्या धोका ओळखणाऱ्या भागाकडं जाणारा, जो आधी धोक्याची घंटा वाजवतो, आणि एक लांबचा रस्ता जो मेंदूच्या वरच्या थरातून फिरून येतो आणि सांगतो की हा टीव्ही आहे, बस खाली. उडल्यानंतर लगेच जे हसू फुटतं ना, थेटरमध्ये अख्ख्या रांगा हसतात, ते या दुसऱ्या रस्त्याचा निरोप पोचल्याचं हसू.

पण नुसतं दचकवणं हा स्वस्तातला माल आहे, माझं स्पष्ट मत. सस्पेन्स पिक्चरचा उस्ताद डायरेक्टर हिचकॉक, त्यानं यावर एक उदाहरण दिलं होतं ते आता सगळीकडं सांगितलं जातं: टेबलाखाली बॉम्ब आहे हे कोणालाच माहीत नसेल आणि तो फुटला तर पब्लिक पंधरा सेकंद दचकेल, पण बॉम्ब आहे हे पब्लिकला आधी दाखवलं आणि टेबलावरचे लोक आपले गप्पाच मारत बसले तर तेच पब्लिक पंधरा मिनिटं खुर्चीच्या टोकावर बसेल. जंगलाच्या पिक्चरमध्ये टेबलाची गरजच पडत नाही, प्रत्येक झाड म्हणजे टेबल.

इथं मावसभावाचा विषय काढावा लागतो. त्याला मी नंतर खोदून विचारलं की तुला काहीच कसं वाटलं नाही, तर म्हणे, ‘एवढा मोठा जनावर फिरून राहिला अन् जंगल चूप? माकड कुठं गेले? सांबर कुठं गेलं?’ पिक्चरमध्ये काय होतं की धोका आला की जंगल एकदम शांत होतं, पाखरू बोलत नाही, आणि मग म्युझिक सुरू. त्याच्या रोजच्या जंगलात उलटं आहे. वाघ निघाला की वरून वानर खोकल्यासारखं ओरडायला लागतं, चितळ ओरडतं, आणि सांबरानं कॉल दिला की गाइड लोक गाडी बंद करायला लावतात कारण सांबर उगाच बोलत नाही. वाघ दिसायच्या आधी तो असा ऐकू येतो. आणि पानांचा आवाज! पिक्चरमध्ये राक्षस येताना पानं कचाकचा वाजतात. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पानं पडली की त्यात सातभाई जरी उड्या मारत असले तरी वाटतं रानगवा येतोय, आणि वाघ बिचारा सरळ गाडीरस्त्यानं चालतो, मऊ धुळीतून, काही आवाज नाही. रात्र निळी कशी काय दिसते हाही त्याचा प्रश्न होता. पेंच हे २०२४ पासून भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क आहे, म्हणजे अंधारासाठीच नावाजलेलं जंगल, तिथल्या माणसाला निळ्या लाइटमधली रात्र काय भिववणार.

पण त्यालाही एका ठिकाणी पिक्चरनं पकडलंच, मी पाहिलं. एक किंकाळी होती, माणसाची की जनावराची कळत नव्हतं, चिरकी, फाटलेली. तिथं त्याचा चिवड्याचा हात थांबला. याचंही कारण सापडलं. डॅनियल ब्लमस्टीन नावाचा अमेरिकन जीवशास्त्रज्ञ मार्मोट नावाच्या डोंगरी प्राण्यांच्या हाकांचा अभ्यास करतो, खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी असतात ते. घाबरलेलं पिल्लू ओरडतं तेव्हा आवाज गळ्याच्या क्षमतेबाहेर जातो आणि फाटतो, स्पीकर फुल केल्यावर फाटतो तसा. असा फाटका आवाज ऐकला की बाकीचे प्राणी कान टवकारतात. मग त्याच्या टीमनं शंभरावर पिक्चरच्या साउंडट्रॅकमध्ये असले आवाज शोधले तर हॉररवाल्यांनी ते बरोबर जागा पाहून पेरलेले सापडले, २०१० मध्ये हे छापून आलं.

आता गंमत ऐका. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक रस कशानं उत्पन्न होतो त्याची यादी आहे, आणि त्यात पहिलाच शब्द आहे ‘विकृतरव’, म्हणजे बिघडलेला, वेडावाकडा आवाज. त्याच्या पुढं भूतपिशाच्च दिसणं, कोल्ही, घुबडं, ओसाड घर, आणि अरण्यात जाणं. पंधराशे-दोन हजार वर्षांपूर्वीचं पुस्तक आणि आजच्या कुठल्याही जंगल हॉररची शूटिंगची यादी सेम टू सेम. घुबड तर असतंच असतं.

वहिनीचं प्रकरण एकदम वेगळं आहे आणि ते लोक हमखास चुकीचं समजतात. भीतीत ठोके वाढतात, रक्त हातापायांकडं धावतं, शरीर पळायच्या तयारीत. पण रक्त, जखम, मोडलेलं हाड पाहून काही लोकांमध्ये याच्या उलटं होतं, ठोके आधी थोडे वाढतात आणि मग धाडकन पडतात, ब्लड प्रेशर खाली येतं, डोक्याला रक्त कमी पडतं, आणि माणूस चक्कर येऊन पडतो. इंजेक्शन पाहून पडणारे दणकट पैलवान गडी आपण पाहिलेत ना, तेच हे. २०१० मध्ये ‘१२७ अवर्स’ आला होता, खऱ्या घटनेवरचा, दरीत दगडाखाली हात अडकलेला माणूस शेवटी स्वतःचा हात कापून सुटतो, त्याच्या सुरुवातीच्या शोंमध्ये लोक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या होत्या. त्यात भूत नव्हतं, राक्षस नव्हता, खुनी नव्हता. म्हणून वहिनी भित्री नाही, तिचं शरीर फक्त या बाबतीत जरा वेगळं वागतं. असं होत असेल तर मांड्या, पोट, हाताच्या मुठी दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या आणि सोडायच्या, परत आवळायच्या, त्यानं प्रेशर टिकून राहतं, डॉक्टर लोक रक्ताला घाबरणाऱ्या पेशंटला हे शिकवतात. आणि घेरी आलीच तर सरळ आडवं व्हायचं, खुर्चीत ताठ बसून हिरोगिरी करायची नाही. वहिनीनं बरोबर तेच केलं, कोणी न शिकवता.

काहींना नुसती मळमळ होते, ते अजून तिसरंच. कॅमेरा हातात धरून पळत पळत शूट केलेलं असलं की डोळे म्हणतात आपण पळतोय, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण सोफ्यावर आहोत, आणि या भांडणात पोट बळी जातं. घाटातल्या एसटीत होतं तेच. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या वेळी अमेरिकेत लोक थेटरमधून उठून गेले होते यामुळं. याच पिक्चरची दुसरी गंमत अशी की समीक्षकांनी उचलून धरला, थोडक्या पैशात काढलेल्या पिक्चरनं जगभरात चोवीस कोटी डॉलरच्या आसपास कमावले, आणि तरी पहिल्या दिवशी थेटरमधून बाहेर पडणाऱ्या पब्लिककडून मार्क घेणाऱ्या सिनेमास्कोरनं त्याला सी प्लस दिला. हॉररचं हे नेहमीचंच, ज्यानं खरंच हलवलं त्यावर माणूस बाहेर येऊन चिडलेलाच असतो, बाहेरच्या पोरीनं माइक पुढं केला की काय चांगलं बोलणार तो.

आता माझ्यावर येतो, म्हणजे चिडण्यावर. या जातीच्या पिक्चरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच, की कॅरेक्टर मूर्ख आहेत. ‘अबे एकटा कायले गेला.’ ‘आलेल्या रस्त्यानं वापस जा ना बे.’ ‘बसून राहा ना एका जागी पोट्ट्या.’ मीही हेच ओरडत होतो. आणि वाचता वाचता माझीच फजिती झाली, कारण त्यातला बराचसा मूर्खपणा खरा निघाला.

पिक्चरमध्ये ते लोक तीन तास चालतात आणि त्याच पडलेल्या झाडापाशी परत येतात. आमच्या सोफ्यावर यावर हसू झालं, स्टोरीवाल्याला काही सुचलं नाही म्हणून. माझी आजी पवनीकडची, ती असती तर हसली नसती, ती म्हणाली असती चकवा लागला. रानात चकवा लागतो, माणूस रात्रभर चालतो आणि सकाळी पाहतो तर आपल्याच धुऱ्यावर उभा. २००९ मध्ये जर्मनीतल्या यान सोमान आणि त्याच्या सोबत्यांनी हे तपासलं, लोकांना जीपीएस लावून जर्मनीतल्या एका जंगलात आणि ट्युनिशियात सहाराच्या वाळवंटात सोडलं आणि सांगितलं की सरळ चाला. सूर्य दिसत होता तोवर लोक सरळ चालले. आभाळ भरून आलं की गोल फिरायला लागले, स्वतःचीच वाट परत परत ओलांडली आणि त्यांना पत्ताही लागला नाही, ते मनात सरळच चालले होते. डोळ्यावर पट्टी बांधली तर काही जण वीस मीटरपेक्षाही लहान गोल मारत होते. पाय लहान-मोठे असतात म्हणून वगैरे जे सांगतात तसं काही निघालं नाही, ‘सरळ म्हणजे कुठं’ याचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकत जातो आणि दुरुस्त करायला लांबची खूण नसली की ती चूक साचत जाते. आजीचा चकवा तो हाच. आणि आजीचा उपायही बरोबर होता, चकवा लागला कळलं की बसून जायचं, उजाडेपर्यंत हलायचं नाही. अमेरिकेत शाळेतल्या पोरांना हरवलात तर एका झाडाला धरून बसा असं शिकवतात, तेच की.

दुसरा सीन बर्फातला. गारठून मरायला टेकलेला माणूस अंगातलं जॅकेट काढून फेकतो. यावर तर पोट्टे लोटपोट. आपण नागपूरवाले, पंचेचाळीस डिग्रीत कुलरसमोर टॉवेल गुंडाळून बसणारे, आपल्याला थंडीचं काय कळणार. पण हे खरंच होतं, गारठून मेलेले लोक कपडे काढलेल्या अवस्थेत सापडतात. थंडीत शरीर कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं म्हणजे आतली ऊब टिकावी, शेवटी शेवटी ती पकड सुटते, आतलं गरम रक्त एकदम कातडीकडं येतं, आणि आधीच बधिर झालेल्या डोक्याला वाटतं की अंगाची आग होतेय. तो सीन अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात खरा सीन होता आणि आम्ही त्यालाच सगळ्यात जास्त हसलो.

आणि तिसरं, ‘काहीतरी कर ना बे, उभा काय राहिला’ हे. जॉन लीच नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं जहाज बुडणं, आग अशा खऱ्या संकटांतल्या लोकांचा अभ्यास केलाय. संकट कोसळतं तेव्हा थोडेच जण शांत डोक्यानं हालचाल करतात, थोडे जण उलटसुलट पळतात, आणि बहुतेक जण नुसते बधिर होतात. कारण नवीन परिस्थितीत काय करायचं हे ठरवायला मेंदूला वेळ लागतो आणि आधी शिकलेलं तयार उत्तर नसलं की तो अडकून बसतो, कॉम्प्युटर हँग झाल्यासारखा. आपण सोफ्यावरून जे पटपट उपाय सुचवतो ते सोफ्यावर आहोत म्हणूनच सुचतात. एसी चालू, पोटात चिवडा, आणि कॅमेरा आपल्याला राक्षस कुठं आहे ते वरून दाखवतोय, मग सुचणारच ना.

माझंच सांगतो. कॉलेजात असताना रामटेकला गेलो होतो, तिथल्या अंबाळा तलावाच्या बाजूच्या टेकडीवर मी एकटाच शहाणपणा करून वेगळ्या वाटेनं उतरायला गेलो आणि पाऊण तास चुकलो. दिवसाढवळ्या, खाली तलाव दिसतोय, देवळाची घंटा ऐकू येतेय. खिशात फोन होता आणि त्याला रेंजही होती, पण फोन करावा हे मला सुचलंच नाही, मी नुसता काट्यातून वर चढत राहिलो, का चढलो विचाराल तर अजूनही सांगता येणार नाही. आता कळतं की त्या हिरोवर मी इतका का चिडतो. ‘मी असतो तर असं केलं नसतं’ असं एकदा ओरडून टाकलं की तो वेगळा, मी वेगळा, म्हणजे त्याच्यासोबत झालं ते माझ्यासोबत होणार नाही. हेही अंतर राखणंच झालं, फक्त शिव्या देऊन.

रामटेकचं निघालंच आहे तर अजून एक सांगतो, कारण कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच असं आपण सगळे मानतो. त्याच्या शाकुंतलाच्या पहिल्या अंकात राजा दुष्यंत रथातून हरणाचा पाठलाग करतो. हरीण मान वळवून वळवून मागच्या रथाकडं पाहतंय, बाणाच्या धाकानं मागचं अंग पुढं ओढून घेतलंय, धापा टाकून तोंड उघडं पडलंय आणि अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडत चाललंय. अभिनवगुप्तानं, हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडितानं, भीतीचा रस समजावायला नेमका हा श्लोक घेतला. तो म्हणतो की पाहणाऱ्याला ही भीती ‘माझी’ वाटत नाही, ‘त्या हरणाची’ असंही वाटत नाही, शत्रूची नाही, मित्राची नाही, ती जागा-वेळ सगळं सुटून नुसती भीती उरते, डोळ्यासमोर नाचल्यासारखी. याला शब्द आहे साधारणीकरण. माझी असती तर मी पळालो असतो, परक्याची असती तर मी जांभई दिली असती. मला तर डेन्मार्कच्या लॅबपेक्षा हे जास्त पटलं, आणि हेही लक्षात घ्या की तो पाठलाग जंगलातलाच आहे.

हसणाऱ्या मित्राचं मात्र फार खोलात जायची गरज नाही. एक तर भीतीचा ताण कुठून तरी बाहेर पडतो, कोणाचा ओरडून, कोणाचा हसून. दुसरं, झिलमन नावाचा संशोधक आणि त्याच्या मंडळींनी १९८६ मध्ये कॉलेजच्या पोरापोरींना जोडीनं हॉरर दाखवून पाहिला होता, तर शेजारची पोरगी घाबरली की पोरांना पिक्चर जास्त आवडला, आणि शेजारचा पोरगा न डगमगता बसला की पोरींना. आमच्या मित्राच्या शेजारी त्या दिवशी कोण बसलं होतं ते मी इथं लिहीत नाही.

पण हे अंतर ज्यांच्याकडं नाहीच त्यांचं काय? चंद्रपूर, गडचिरोलीकडं, पेंच-उमरेडच्या कडेकडेच्या गावांत दरवर्षी माणसं वाघाच्या हल्ल्यात जातात. मोहफुलं वेचायच्या दिवसांत बाया पहाटे अंधारात जंगलात जातात, वाकून वेचतात, वाकलेला माणूस जनावराला माणसासारखा दिसत नाही. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीवर तेरा बळींचा आरोप होता, २ नोव्हेंबर २०१८ ला तिला गोळी घालून मारलं, तोवर तिकडच्या गावांमध्ये लोकांनी शेतात जायचे रस्ते, वेळा सगळं बदललं होतं. आमच्या मावशीच्या गावात एकदा गणपतीत पडदा लावून असाच जनावराचा पिक्चर लावला होता तर अर्ध्या तासात बाया उठून गेल्या, पोरांनाही घेऊन गेल्या. कोणी म्हणालं नाही की पिक्चर भंगार आहे. कोणी काहीच म्हणालं नाही.

मावसभावाला मी विचारलं होतं की मग तुला भेव कशाचं वाटतं, तर म्हणे अस्वलाचं, वाघ रस्ता देतो, अस्वल विचार करत नाही. थोडं थांबून म्हणाला, ‘अन् तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं.’ तो चार मजले चढूनच आला होता त्या दिवशी.

शेवटावरून सगळ्यात मोठं भांडण झालं ते राहिलंच. पिक्चरमध्ये शेवटी ती पोरगी हायवेला पोचते, ट्रक थांबतो, ती बसते, आणि ट्रकवाला वळून पाहतो तर... कट. किंचाळणारा मित्र इथं शिव्या द्यायला लागला, पैसे वाया म्हणे, त्यानं एक रुपया दिला नव्हता तरी. यामागंही परत झिलमनचंच सूत्र आहे. भीतीनं जे शरीर तापतं ते पिक्चर संपला म्हणून लगेच थंड होत नाही, ठोके, घाम थोडा वेळ राहतात, आणि त्या वेळात जी भावना येते ती त्या उरलेल्या तापावर स्वार होऊन दुप्पट होते. शेवटी पोरगी वाचली तर साधी सुटका न वाटता प्रचंड आनंद वाटतो. नाही वाचली तर साधी नाराजी राहत नाही, संताप होतो. धंदेवाल्यांना हे पक्कं माहीत असतं, ‘द डिसेंट’ हा गुहेतला पिक्चर २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका शेवटासह लागला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत लागला तेव्हा शेवटचा निराश तुकडा कापून टाकला होता.

उरलेला ताप किती वेळ टिकतो ते आम्हाला त्याच रात्री कळलं. दोन वाजत आले होते, आम्ही तिघे गाड्या काढून निघालो, एरवी आम्ही सेमिनरी हिल्सवरून जातो, झाडीतला रस्ता, पाच-सात मिनिटं वाचतात. २०२१ मध्ये शहरात बिबट्या फिरत होता तेव्हाही आम्ही त्याच रस्त्यानं गेलोय, विषयच नव्हता. त्या रात्री वळण आलं आणि सगळ्यात पुढं तो होता, हसणारा. त्यानं ब्रेक मारला, झाडीकडं पाहिलं, आणि म्हणाला, सरळ जाऊ, मले पेट्रोल टाकायचं आहे. त्याची टाकी फुल होती, संध्याकाळी येताना माझ्यासमोरच भरली होती त्यानं. आम्ही दोघंही काही बोललो नाही, सरळच गेलो, पंपही मागे पडला, कोणी थांबलं नाही.